आधी नाला वाचा, मग मंगळ

फोन बाजूला ठेवा आणि आधी गावच्या नाल्यावर चला. पोळा होऊन गेलाय, पाऊस ओसरलाय, पाणी तळाला लागलंय, अशा दिवसांत गेलात तर सगळ्यात चांगलं. पाण्याने पावसाळाभर केलेलं काम तेव्हा उघडं पडलेलं असतं आणि गुरांनी ते अजून तुडवलेलं नसतं.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमीन आणि विहिरी खारट असलेल्या भागात, शिकवतो. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पोरं जमतात, कधी त्यांचे आई-बाबाही येतात, आणि आम्ही मंगळाचे फोटो पाहतो. सुरुवातीला मी थेट फोटोच दाखवायचो. सगळे मान हलवायचे, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काही सांगता यायचं नाही. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं आपल्या नाल्यावानीच दिसते." तेव्हापासून क्रम बदलला. पहिल्यांदाच या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी तो क्रम इथे लिहितो आहे.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या. मंगळावर आज वाहतं पाणी नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि सरासरी तापमान शून्याखाली ६० अंशांच्या आसपास. तिथे जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं तर त्यातलं काही उकळून उडून जाईल, काही गोठेल. पण ३५० कोटी वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी तिथे नद्या वाहिल्या, तळी भरली, पूर आले. त्याच्या खुणा अजून टिकल्या आहेत, कारण त्यानंतर त्या पुसायला फारसं कुणी आलं नाही. आपल्याकडे नाल्याने वाट बदलली की जुनी वाट दोन-चार वर्षांत नांगराखाली जाते. मंगळावर नांगर नाही, झाडाची मुळं नाहीत, पावसाळाही नाही. आहे तो वारा आणि धूळ.

पहिली पायरी : नाल्यावरचा एक तास

वही घ्या. नाल्याच्या काठाने वरच्या अंगाला चालत जा आणि छोटे ओहोळ कुठे येऊन मिळतात ते पाहा. दोन पाण्यांच्या मध्ये जो कोन होतो त्याचं टोक कुठे आहे? बहुतेक जागी ते खाली, म्हणजे पाणी वाहत जातं त्या बाजूला असतं. वावरातून ओहोळ, ओहोळातून नाला, नाल्यातून पूर्णा. वरून पाहिलं तर पिंपळाच्या पानाच्या शिरा. ही आकृती वहीत काढा, कारण मंगळावर सर्वात आधी हीच शोधायची आहे.

मग वळणावर थांबा. बाहेरचा काठ खचलेला असतो आणि आतल्या बाजूला रेती साचलेली. पात्रात मोठा धोंडा किंवा बाभळीचं खोड अडकलं असेल तर त्याच्यामागे रेतीची लांबट शेपटी तयार झालेली दिसेल. शेपटीचं टोक पाणी गेलं त्या दिशेला असतं.

चार गोटे उचला. वाहत आलेला गोटा बोटांना गुळगुळीत लागतो, कारण वाटेत तो बाकीच्या गोट्यांवर घासत येतो. काठावरून नुकताच निसटलेला मुरमाचा तुकडा मात्र कोनदार असतो, हाताला टोचतो. डोळे मिटून हातात घेतले तरी फरक कळतो. पोरांना हा खेळ फार आवडतो.

नाला पाझर तलावाला मिळत असेल तर तिथपर्यंत जाच. वेगाने आलेलं पाणी थांबलेल्या पाण्याला भिडलं की त्याचा जोर संपतो आणि आणलेला गाळ तिथेच टाकला जातो. जाड रेती आधी, बारीक गाळ पुढे. तलाव आटल्यावर त्या जागी पंख्यासारखा पसरलेला ढीग दिसतो. तलावाच्या दुसऱ्या बाजूचा सांडवाही बघून ठेवा. त्याची गरज मंगळावर पडणार आहे.

शेवटी डबक्याच्या तळाशी वाळलेला गाळ. काळ्या मातीला पडलेल्या भेगा विदर्भात कुणाला नव्याने सांगायला नकोत. पण या वेळी भेगा जिथे मिळतात ते कोन नीट पाहा. एकदाच वाळलेल्या गाळात एक भेग दुसरीला काटकोनात जाऊन भिडते. तोच गाळ पुन्हा पुन्हा भिजला आणि वाळला की ते कोन हळूहळू बदलतात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे सहा बाजूंचे तुकडे दिसू लागतात.

दुसरी पायरी : परात आणि तांब्या

ज्यांच्या गावाला नाला नाही त्यांनी ही पायरी करावी, आणि ज्यांच्या गावाला आहे त्यांनीही करावी. मोठी परात किंवा घमेलं घ्या. त्यात वावरातली माती आणि थोडी रेती मिसळून ओली करून थापा. एका बाजूखाली अर्धी वीट सरकवा. खालच्या अंगाला थोडं पाणी साचू द्या, तो तुमचा तलाव. आता वरच्या काठाला तांब्याने अगदी बारीक धार सोडा.

पाच मिनिटांत वाट कोरली जाते आणि तलावाच्या तोंडाशी पंखा तयार होतो. मग हाच खेळ तांब्या एकदम रिकामा करून करा. आता शिरा दिसत नाहीत. एकच रुंद, सरळसोट ओरखडा पडतो आणि वाटेत ठेवलेल्या खड्याभोवती माती थेंबाच्या आकाराची उरते. हळू वाहिलेलं पाणी आणि फुटलेला लोंढा यांची सही वेगळी असते. मंगळावर दोन्ही सह्या आहेत.

तिसरी पायरी : फोटो उघडताना

आता फोन किंवा संगणक. नासाचं 'मार्स ट्रेक' हे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडतं आणि फुकट आहे. संगणकावरच्या गूगल अर्थमध्येही पृथ्वीऐवजी मंगळ निवडता येतो. नेट मंद असेल तर शाळेत एकदा फोटो उतरवून ठेवा आणि गावात दाखवा. मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचे फोटो इतके बारीक आहेत की त्यांतला एक ठिपका साधारण २५ ते ३० सेंटीमीटरचा भरतो. म्हणजे बैलगाडीच्या आकाराचा धोंडा ओळखता येतो.

नवख्यांच्या तीन चुका इथे हमखास होतात.

पहिली उजेडाची. खड्डा फुगलेला दिसतो आणि टेकडी खोलगट. डोळ्याला सवय असते की उजेड वरून येतो. हायराइजच्या नकाशावर बसवलेल्या फोटोंमध्ये उत्तर वर असते आणि उजेड बहुधा डावीकडून येतो, कारण ते यान तिथल्या दुपारी तीनच्या सुमाराला, सूर्य पश्चिमेकडे असताना फोटो काढतं. आधी एखादं गोल विवर, म्हणजे आघाताने पडलेला खड्डा, शोधा. त्याच्या आतली डावी भिंत सावलीत असेल तर ते खोल आहे. तरीही उलटं दिसत असेल तर फोन फिरवून पाहा.

दुसरी रंगाची. मंगळाच्या उंचीच्या नकाशात निळा रंग दिसला की जवळपास प्रत्येकजण म्हणतो, हे पाणी. तो निळा म्हणजे सखल भाग आणि लाल-पांढरा म्हणजे उंच. ही उंची एका यानाने लेसरचे किरण जमिनीवर सोडून, ते परत यायला लागलेला वेळ मोजून काढली आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी अख्ख्या वर्गाने उत्तरेकडचा निळा भाग 'समुद्र' म्हणून रंगवला होता. तिथे कधीकाळी समुद्र होता का, यावर अभ्यासकांत खरोखरच वाद आहे, पण नकाशाचा निळा रंग हा त्याचा पुरावा नव्हे.

तिसरी मापाची. फोटोच्या कोपऱ्यातली मोजपट्टी न पाहता बोलायचं नाही, हा आमच्या ओट्यावरचा नियम आहे.

चौथी पायरी : आकार ओळखा

१९६५ साली मरिनर ४ या यानाने मंगळाचे पहिले जवळून फोटो पाठवले, तेव्हा त्यांत नुसती विवरं दिसली आणि लोकांना वाटलं, हा चंद्रासारखाच मेलेला ग्रह. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ तिथे पोचलं तेव्हा संपूर्ण ग्रहावर धुळीचं वादळ होतं. धूळ बसली आणि खाली सुकलेली पात्रं दिसली.

दक्षिणेकडच्या उंच, जुन्या प्रदेशात फिरा. तिथे पानाच्या शिरांसारखी दऱ्यांची जाळी आहेत. तुमच्या वहीतल्या आकृतीशी जुळवा. कोनाचं टोक कुठे आहे? मग मार्स ट्रेकमधून दरीच्या दोन टोकांची उंची काढा. कोनाचं टोक उताराकडेच निघालं तर तुम्ही नदी वाचलीत. आपल्या नाल्यांच्या मानाने तिथे फाटे विरळ दिसतील. हे पाणी पावसाचं होतं की बर्फ वितळून आलेलं, आणि मंगळ तेव्हा ऊबदार होता की बहुतेक काळ गारठलेला, यावर अजून एकमत झालेलं नाही.

आता जेझेरो शोधा. हे सुमारे ४५ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची पर्सिव्हरन्स ही फिरती यंत्रगाडी इथेच उतरली. पश्चिमेच्या काठाला खिंड पाडून एक नदी आत येते, आणि ती जिथे आत शिरते तिथे पंखा आहे, परातीतल्यासारखा. मग पूर्वेच्या काठाकडे बघा. तिथे बाहेर जाणारी वाट आहे. तो सांडवा. सांडवा असण्याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळतो: तलाव त्या पातळीपर्यंत भरला होता. आमच्याकडच्या एका आजोबांनी हा फोटो पाहिल्याबरोबर विचारलं, "मंग हे पाणी गोडं असन ना, सर? वाहून जात होतं म्हणून." अगदी हाच विचार संशोधकही करतात. वाहतं तळं खारट व्हायला वेळ मिळत नाही, कोंडलेल्या तळ्याला मिळतो.

त्या पंख्याचा एक तुटलेला तुकडा टेकडीसारखा उभा आहे. गाडीने त्याचे आणि मूळ पंख्याच्या कड्याचे फोटो काढले तेव्हा खाली बारीक गाळाचे तिरपे थर दिसले आणि वर सुमारे मीटरभर रुंदीचे धोंडे. शांत तळ्यात गाळ साचत होता आणि पुढे कधीतरी असे पूर आले की एवढे धोंडे वाहून आले. नाल्याच्या कापलेल्या काठात खाली गाळ आणि वर गोटे असा थर दिसला की आपणही म्हणतोच, त्या वर्षी मोठा पूर आला होता.

लोंढ्याची सही पाहायची असेल तर आरेस दरीत जा. १९९७ च्या ४ जुलैला पाथफाइंडर यान तिच्या तोंडाशी उतरलं. थेंबाच्या आकाराची मोठमोठी बेटं आहेत, काही तर विवराच्या कडेमागे तयार झालेली. शेपटीचं टोक पाहून पुराची दिशा सांगा.

एक सावधगिरी. मंगळावरची सगळ्यात मोठी दरी, मरिनर दरी, सुमारे ४,००० किलोमीटर लांब आहे आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नदीच वाटते. ती मुख्यतः जमीन ताणली जाऊन, फाटून आणि खचून झालेली आहे.

पाचवी पायरी : माती ओळखा

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती ही पायरी, कारण इथे आपली जमीन कामाला येते.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच आहे. बेसॉल्ट पाण्यात फार काळ कुजला की त्याची चिकणमाती होते. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना याच गटाची माती अनेक ठिकाणी दिसली, आणि २०१३ मध्ये क्युरिऑसिटी गाडीने गेल विवरात गाळाच्या दगडाला भोक पाडून त्यातही ती शोधून काढली. ही माती पाण्याशिवाय होत नाही.

हीच गाडी ६ ऑगस्ट २०१२ ला उतरली आणि काही आठवड्यांतच तिला सिमेंटने जोडल्यासारखे गोल गोटे दिसले. ते वाऱ्याने उडवायला फार मोठे होते. त्यांच्या आकारावरून हिशेब निघाला की तिथला ओढा घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावा आणि पाणी सेकंदाला साधारण ०.९ मीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने वाहत असावं. नाल्यात डोळे मिटून जो गोटा ओळखला, तोच हा.

पुढे २०२१ मध्ये गाडीला गाळातल्या सहा बाजूंच्या भेगा सापडल्या, काही सेंटीमीटरच्या. पहिल्या पायरीतलं आठवा. हा गाळ एकदा वाळून संपला नव्हता, भिजत आणि वाळत राहिला होता. तिथे ऋतूसारखं काहीतरी होतं, असा याचा अर्थ लावला जातो. त्यानंतर वरच्या थरांत पाण्याच्या लाटांनी उमटलेल्या वळ्याही मिळाल्या, उथळ तलावाच्या तळाशी पडतात तशा.

मीठही बघा. आमच्या भागात उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर फुलतो आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मंगळाच्या दक्षिणेकडच्या उंच भागात २००८ मध्ये जवळपास २०० ठिकाणी मिठाचे साठे ओळखले गेले, बरेचसे सखल जागी. २०११ मध्ये ऑपॉर्च्युनिटी गाडीला दगडाच्या फटीत जिप्समची अंगठ्याएवढी रुंद पांढरी शीर दिसली. फटीतून पाणी झिरपलं आणि क्षार सोडून गेलं. चोपण जमीन सुधारायला आपण जे जिप्सम टाकतो, तेच हे.

आणि खडे. काळ्या मातीत नांगराला चुनखडीचे गोल खडे लागतात ना? मातीत मुरलेल्या पाण्यातला चुना हळूहळू एका बिंदूभोवती जमून ते होतात. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी जिथे उतरली तिथे असेच काही मिलिमीटरचे गोळे जमिनीवर विखुरलेले होते. त्यांत चुन्याऐवजी लोहाचं हेमॅटाइट हे खनिज आहे, पण जमिनीखालच्या पाण्याने दाणा दाणा जमवण्याची रीत तीच. मी वर्गात चुनखडीचे खडे आणि तो फोटो शेजारी ठेवतो आणि काही वेळ काहीच बोलत नाही.

सहावी पायरी : शंका घ्या

एका खुणेवर पाणी म्हणायचं नाही. आकार, उतार आणि माती, या तीनपैकी किमान दोन साक्षी जुळल्या पाहिजेत.

लाव्हाही पात्र कोरतो. ते ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरून सुरू होतं आणि त्याला पानाच्या शिरांसारखे फाटे येऊन मिळत नाहीत. वाराही रेतीच्या वळ्या पाडतो. विवरांच्या उतारावरच्या घळी २००० साली पाहिल्या गेल्या तेव्हा अलीकडच्या पाण्याची आशा वाटली होती. आज त्यांत होणारे बदल हिवाळ्यात जमणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या दहिवरामुळे होतात असं दिसतं. २०११ मध्ये सापडलेल्या उतारावरच्या काळपट रेघांचंही तसंच झालं, बऱ्याच अभ्यासकांना त्या आता घसरणाऱ्या कोरड्या रेतीच्या वाटतात. आणि १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्लीने दुर्बिणीतून पाहिलेल्या रेघांना लोकांनी कालवे ठरवलं, पुढे ते कुणीतरी खणलेत असंही मानलं. त्या रेघा नव्हत्याच. पाण्याची आस असलेल्या माणसाला पाणी लवकर दिसतं, हे विदर्भात राहून मला चांगलं कळतं. म्हणूनच ही पायरी वगळू नका.

सातवी पायरी : आधी काय, नंतर काय

पांदणीवर चाकोरी उमटली आणि तिच्यावर म्हशीचा खूर पडला, तर गाडी आधी गेली. मंगळावर हेच. नदी विवराची कड कापून आत गेली असेल तर विवर आधीचं. पात्राच्या मधोमध अख्खं विवर बसलं असेल तर नदी आधीच सुकली होती. जिथे विवरांची दाटी जास्त, ती जमीन जुनी.

शक्य असेल त्यांनी हे सगळं एका जागी पाहायला लोणारला जावं. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, बेसॉल्टमध्ये आघाताने झालेलं विवर, त्यात सांडवा नसलेलं खारं पाणी, आणि ईशान्येच्या काठावरून धारेचा झरा जिथे आत उतरतो तिथे गाळाचा पंखा. काठावर उभं राहून आधी जेझेरोचा फोटो पाहा, मग खाली पाहा. मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराला लोणारचं नावही दिलेलं आहे.

आता पहिला गृहपाठ. मंगळावरच्या मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाची नावं दिली आहेत, आणि त्यांतली एक आपली आहे: मंगला दरी. नकाशात शोधा. उत्तरेकडच्या खालच्या टोकापासून सुरू करा, बेटांच्या शेपट्या पाहत उलट, वरच्या अंगाला चढत जा. वाटेत किती फाटे येऊन मिळतात ते मोजा. फार मिळणार नाहीत. शेवटी पात्र अरुंद होत होत जमिनीला पडलेल्या एका लांब, सरळ भेगेपाशी थांबतं. पाणी वरून आलंच नव्हतं, ते त्या भेगेतून बाहेर फुटलं होतं. तारीख घालून ती भेग वहीत काढा, आणि मोजपट्टी लिहायला विसरू नका.